अंबुजाबाईंचा चालण्याचा पेपर

अंबुजाबाईंच्या घरात मी पहिल्यांदा शिरलो तो चालत नव्हे, पडत शिरलो. म्हातारी माणसं चालताना कुठे अडखळतात याचा अभ्यास करायला आलेला मी, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत त्यांच्या उंच उंबऱ्याला अडखळलो आणि हातातल्या यंत्राच्या पेटीसकट चटईवर बसलेल्या पाच-सहा मुलींच्या पुढ्यात साष्टांग आडवा झालो. मुलींनी वह्या तोंडावर धरल्या. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "पडणाऱ्या माणसांची परीक्षा घ्यावयास येणार होता तो तूच कां?"

मी हो म्हटलं. त्या मुलींकडे वळल्या. "प्रवेश. शंभरात दहा. तेही पेटी सोडली नाही म्हणून."

सगळी गल्ली त्यांना हिंदी टीचर म्हणायची. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि पोटापाण्याला हिंदी अशी त्यांच्या जिभेची वाटणी होती. चाळीसेक वर्षं त्यांनी संध्याकाळी घरी हिंदीच्या शिकवण्या घेतल्या. ज्या मुलींना शिकवलं त्यांच्या मुली आता चटईवर बसत होत्या. मार्क देणं ही त्यांची श्वास घेण्यासारखी गोष्ट झाली होती. शेजारणीच्या सांबाराला बासष्ट, भटजींच्या उच्चारांना अठ्ठेचाळीस, टीव्हीवरच्या मंत्र्याच्या भाषणाला "पेपर कोरा" असं त्या सहज बोलून जायच्या. परीक्षा जवळ आली की मुली गल्लीच्या टोकाच्या मारुतीला नवस बोलायला पळत. बाई अडवत नसत. फक्त म्हणत, "जा, पण आधी पाठ कर. त्यास हिंदी येत नाही."

आता माझी ओळख. मी रघू, जवळच्याच तिरुवैयारूचा, पेशानं फिजिओथेरपिस्ट. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा माझं घरचं मराठी ऐकून होस्टेलच्या पोरांनी विचारलं, ऐतिहासिक नाटकात काम करतोस का. चार वर्षांनी पुण्याचं मराठी घेऊन परतलो तर आईनं विचारलं, घसा बसला का रे. तेव्हापासून मी कुठे काय बोलावं याबद्दल गोंधळलेलाच असतो, आणि हा गोंधळ बोलण्यापुरता राहिला असता तरी बरं होतं. आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी एक काम काढलं होतं. काडेपेटीएवढं एक यंत्र पट्ट्यानं म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला बांधायचं. पाऊल किती लांब पडतं, दोन पावलांमधला वेळ सारखा राहतो का, शरीर किती झुलतं, हे ते यंत्र टिपून ठेवतं. आठवड्यानं पट्टा कॉम्प्युटरला जोडला की माणूस पडण्याचा धोका किती ते रंगात दिसतं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे सांभाळा. घरोघरी जाऊन पट्टे बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण राजवाड्याच्या भागातल्या म्हाताऱ्यांशी मला मराठीत बोलता येईल अशी मॅडमची समजूत होती. सुरुवातीलाच मी एक पट्टा मोपेडच्या पुढच्या पिशवीत चालू ठेवून तिरुवैयारूहून आणला होता, आणि कालव्याकाठच्या त्या रस्त्याचे सगळे खड्डे एका निवृत्त तहसीलदारांच्या नावावर चढले होते. मॅडमनी त्यांची काळजी वाटून घरी फोन केला. तहसीलदार त्या वेळी झोपले होते.

अंबुजाबाईंचा पट्टा मात्र इतरांसारखा नव्हता. त्यावर त्यांचं घर टांगलेलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगा मोहन चेन्नईत अकराव्या मजल्यावर राहत होता. त्या पावसाळ्यात बाई मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ घसरल्या. नुसतं खरचटलं, पण शेजारणीनं चेन्नईला कळवलं आणि मोहननं आईला घेऊन जाण्याचा हट्ट धरला. महिनाभर फोनवर वाद झाला. शेवटी मोहननंच आमच्या कामाचं कुठून तरी ऐकलं आणि तोड काढली. यंत्र हिरवं म्हणालं तर तो पुन्हा विषय काढणार नाही. लाल म्हणालं तर आईनं मुकाट्यानं चेन्नईला यायचं. बाईंनी लगेच कबूल केलं. मोहनवर त्यांचा विश्वास नसेल, पण परीक्षेवर होता.

"अकराव्या मजल्यावर मज कशास नेतो तो?" त्या मला म्हणाल्या. "तिथे पाच वाजले की माझ्यापुढे कोण बसेल? लिफ्ट?"

पहिली चाचणी कॉलेजातल्या आमच्या खोलीत असायची. त्यासाठी बाईंनी तयारी केली. आधी अभ्यासक्रम विचारला. मग गेल्या वर्षीचे पेपर मागितले. असं काही नसतं, नुसतं चालायचं असतं, असं सांगितल्यावर त्यांनी मला परीक्षक म्हणून किती मार्क दिले ते मी लिहीत नाही. त्या दिवशी त्या ठेवणीतली रेशमी साडी नेसून आल्या आणि आमच्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा चालल्या की मॅडमनी स्वतःची पाठ ताठ केली. "हीच तर अडचण आहे," मॅडम मागाहून म्हणाल्या. "परीक्षकासमोर सगळे छान चालतात. घरी कसे चालतात ते कळायला हवं." म्हणून पट्टा.

बाईंनी पट्टा साडीवरून बांधून घेतला, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "लग्नात बापानं सोन्याचं ओड्याणम केलें नाही. आता कॉलेजानं प्लॅस्टिकचें केलें." आमच्याकडे नवरीच्या कमरपट्ट्याला ओड्याणम म्हणतात. सगळा आठवडा त्यांनी पट्टा इमानानं बांधला. आंघोळीला तेवढा काढायच्या.

आठवड्यानंतर रंग आला तो लाल. साधा लाल नाही, कुंकवासारखा. मी आणि मॅडम दोघंही पडद्याकडे पाहत राहिलो. सकाळी बाई पन्नाशीच्या बाईसारख्या चालत होत्या. दुपारीही ठीक. आणि रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, त्यांचं पाऊल एकाएकी वीतभर होऊन जायचं. शरीर डावी-उजवीकडे झुलायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा घसटत पुढे जायचं. असा चालणारा माणूस आम्ही पाहिला असता तर दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीत बसवला असता. तासाभरानं बाई पुन्हा पन्नाशीच्या.

मला काही कळेना. आधी वाटलं, पट्टा उलटा बांधला. मग वाटलं, दुसऱ्या कुणाचा पट्टा यांच्या नावावर गेला, कारण तहसीलदारांचा अनुभव ताजा होता. दोन्ही तपासलं, तसं काही नव्हतं. मग मनात आलं, संध्याकाळी एखादं औषध घेत असतील, त्यानं झापड येत असेल. मग त्याहून वाईट मनात आलं, ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. एका हिंदी टीचरबद्दल असं मनात आणल्यावर मी स्वतःच चूळ भरून आलो.

एवढ्यात मोहनचा फोन आला. त्यानं तमिळमध्ये एकच विचारलं, रंग कोणता. मी म्हटलं, "लाल आहे, पण." माझा 'पण' तंजावूरमध्येच राहिला. 'लाल' चेन्नईला पोचला. मोहन म्हणाला, शनिवारी गाडी घेऊन येतो, आणि फोन ठेवला. मी परत फोन करून काय सांगणार होतो, तेही मला माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. उंबरा सांभाळून ओलांडला. मुली गेल्या होत्या. मी बराच वेळ हवापाण्याचं बोललो आणि मग जमिनीकडे पाहत विचारलं, "टीचर, तुम्ही संध्याकाळी काही घेता का?"

"कॉफी," त्या म्हणाल्या. "तुज हवी?"

"कॉफी नाही. म्हणजे, कॉफीनंतर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या की त्यांना बाहेर जायचंय, मी कॉफी पिऊन दार ओढून घ्यावं. पट्टा मी काढून नेला होता तरी त्यांचा हात एकदा कमरेशी गेला. त्या निघाल्या आणि मी मागून निघालो. कॉफी तशीच राहिली. पाठलाग करण्याची माझी ही पहिलीच वेळ. त्यातही मी चप्पल बाईंची घालून निघालो, हे वळणावर लक्षात आलं.

गल्लीच्या टोकाचं मारुतीचं देऊळ लहान आहे. गाभाऱ्याभोवती दगडी प्रदक्षिणेचा रस्ता, मागच्या बाजूला अंधार. बाईंनी हात जोडले आणि चालायला लागल्या. उजव्या पायाची टाच डाव्या अंगठ्याला टेकवली. मग डाव्या पायाची टाच उजव्या अंगठ्याला. मग पुन्हा. मध्ये नखाएवढीही फट नाही. पुढे दोन मुली तशाच चालल्या होत्या, मागे एक बँकेतले गृहस्थ, बहुधा बढतीसाठी.

अडि-प्रदक्षिणा. आमच्या भागात नवसाला अशी प्रदक्षिणा घालतात, पावलाला पाऊल लावून, मुंगीच्या गतीनं. माझ्या बारावीसाठी माझ्या आईनं तिरुवैयारूत हेच केलं होतं. कावेरीचं पाणी पिऊन वाढलेला मी, पट्टा उलटा असेल, पट्टा बदलला असेल, बाई पीत असतील, इथपर्यंत पोचलो होतो. एवढं साधं मात्र मला सुचलं नव्हतं. यंत्राचा दोष नव्हता. त्याला कुणी नवस शिकवला नव्हता. मला शिकवला होता.

त्या फेरी संपवून खांबाशी टेकल्या तेव्हा मी पुढे गेलो. त्या दचकल्या नाहीत, माझ्या पायांकडे पाहिलं. "ती माझी चप्पल. देवळात कशास घालून आलास?"

मी ती बाहेर ठेवून आलो आणि विचारलं की हा नवस कशासाठी.

"तुझ्या यंत्रासाठी. हिरवें यावें म्हणून."

"पण नवस तर निकाल लागल्यावर फेडतात ना?"

"मुली तसेंच करतात. निकाल लागला की निम्म्या विसरतात. म्हणून मी आधीच फेडलें. आठवडाभर रोज."

मी कपाळाला हात लावून खाली बसलो. हिरव्यासाठी बाई रोज संध्याकाळी ज्या पावलांनी देवाभोवती फिरत होत्या, त्याच पावलांनी लाल रंग आणला होता. मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला, कारण मलाही सांगताना समजत होतं. मग त्या इतक्या हसल्या की बँकेतले गृहस्थ पाऊल चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

हसणं ओसरल्यावर मला आणखी एक गोष्ट सुचली आणि डोक्यातला गुंता वाढला. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणं, ही तर आमचीच चाचणी. तोल कसा आहे ते पाहायला आम्ही जमिनीवर चिकटपट्टीची रेघ काढून लोकांना असंच चालवतो. थोडी पावलं जमली तरी शाबास म्हणतो. बाई तर देवळाला फेऱ्या घालत होत्या. म्हणजे ज्यावर यंत्रानं लाल शेरा मारला, ते त्यांचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चांगलं चालणं होतं. खात्री करायला मी स्वतः त्यांच्यामागून तसंच चालून पाहिलं. कोपऱ्यावर तोल गेला आणि घंटेची दोरी धरावी लागली. घंटा वाजली. पुजारी बाहेर डोकावून आत गेले.

आणि मग मागच्या बाजूला, अंधारात, मी पाहिलं. बाईंच्या डाव्या हाताची बोटं गाभाऱ्याच्या भिंतीला लागली होती. हलकी लागली होती, की भार होता, मला कळलं नाही. प्रदक्षिणेत भिंतीला हात लावून नमस्कार करणारेही असतात. मी विचारलं तर त्या पुढे पाहत म्हणाल्या, "दगड गार असतो."

घरी येऊन मी मोहनला फोन लावला. बाईंनी मलाही ऐकव म्हणून खूण केली, म्हणून स्पीकर चालू केला. नवसाची गोष्ट ऐकून मोहन, आई तशीच आहे, असं तमिळमध्ये म्हणाला. तोल चांगला आहे हे मी रंगवून सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "कशाचा आधार घेतला होता?"

वर्गात पहारा देताना बाई ज्या नजरेनं पाहत असतील त्या नजरेनं त्या माझ्याकडे पाहत होत्या. नाही म्हणणं सोपं होतं. पण उद्या त्या अंधारात भिंत हाताला लागली नाही तर? पण ती बोटं नुसती नमस्काराची असली तर? कॉफीचा पेला समोर होता, गार झालेला. मी म्हटलं, "मागच्या बाजूला भिंतीला बोटं लागलेली दिसली. आधाराला की सहज, मला सांगता येत नाही."

माझी खात्री झाली की मी त्यांचं घर घालवलं. मग बाई फोनकडे वाकल्या.

"मोहना, दगड गार असतो हें खरें. मागल्या बाजूस दिवा नसतो, हेंही खरें. चालण्याच्या पेपरात मी मज पस्तीस देतें."

मग मोहन मराठीत बोलला. तो मराठी बोलतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. "मज चौतीस दिले होतेस. हिंदीच्या सराव परीक्षेस. त्या वर्षी बसूच दिलें नाहीस. सगळे दोस्त पुढे गेले."

"चौतीसच होते."

"एक मार्क देता आला नसता?"

"नव्हता कुठे रे. दोनदा शोधला."

फोनमधून आवाज आला तो हसण्याचा होता की नाक ओढल्याचा, हेही मला कळलं नाही. शेवटी तो म्हणाला, "पस्तीस म्हणजे पास, अम्मा. राहा तिथेच."

शनिवारी तो गाडी घेऊन आला, पण बरोबर सुतार घेऊन. दारापासून मागच्या अंगणापर्यंत भिंतीला लाकडी कठडा लागला. उंबरा कापायचं निघालं तेव्हा मात्र बाई त्यावर बसून राहिल्या. "हा आहे म्हणून पाय उचलायची आठवण राहते. जो उचलत नाही तो पडतो. रघूस विचार." मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही आणखी एक आठवडा पट्टा बांधला, या वेळी नवसाला सुट्टी देऊन. रंग आला पिवळा. बाईंना कळवलं तर म्हणाल्या, "मी काय सांगितलें होतें? तुझें यंत्र माझ्या हाताखाली तयार झालेलें दिसतें."

पुढे दीड वर्ष त्या तिथेच राहिल्या. मी काम काढून जायचो आणि काम संपल्यावरही जायचो. पाच वाजता चटई पसरलेली असायची. त्या कठड्याला हात लावून ये-जा करायच्या आणि कुणी पाहिलं की लाकडावरची धूळ पुसल्यासारखं करायच्या. त्या चालताना एकदाही पडल्या नाहीत. पडल्या त्या बसल्या जागी. एका संध्याकाळी शिकवता शिकवता प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला आणि त्या खुर्चीसकट खाली आल्या. खुबा वाचला, मनगट मोडलं. बातमी ऐकून मी हादरलो, कारण आमच्या कॉम्प्युटरमध्ये बसण्याला रंगच नव्हता. दवाखान्यात गेलो तर हात प्लास्टरमध्ये, मुद्रा तीच. "चालण्याचा पेपर निघाला रे. बसण्याचा राहिला होता."

मोहननं या वेळी हट्ट केला नाही. फोन त्यांनीच केला. उजव्या हातानं फळ्यावर लिहिता येणार नाही, केस विंचरता येणार नाहीत, तो आला तर बरं होईल, असं म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या हटून बसतील. त्यांनी घर का सोडलं हे मला अजून नीट उमगलेलं नाही. विचारलं तेव्हा इतकंच म्हणाल्या, "पस्तीस होते तोवर राहिलें. आता मोजून पाहिलें."

चेन्नईत त्यांनी पोंगलचा एक सण पाहिला आणि नंतर एका पहाटे झोपेतच गेल्या. मोहन सांगत होता, अकराव्या मजल्यावरही दोन मुली येऊ लागल्या होत्या, लिफ्टनं.

पण माझ्या लेखी त्या गल्लीतून गेल्या त्याच दिवशी गेल्या. सामान गाडीत चढलं होतं. शेजारणी रडत होत्या आणि बाई त्यांच्या रडण्याला मार्क देत होत्या. मग मोहनचा हात बाजूला सारून त्यांनी कठडा धरला, उंबऱ्यापाशी थांबल्या, पाय नीट उचलला आणि बाहेर आल्या. गाडीत बसल्यावर आठवलं की चष्म्याचं घर चष्म्यासकट आतच राहिलं. मी आणतो म्हणून पळत आत गेलो. रिकामी चटई भिंतीला उभी करून ठेवलेली होती. तिच्याकडे एकदा पाहिलं, कोनाड्यातून चष्म्याचं घर उचललं आणि तसाच बाहेर धावलो.

उंबऱ्यानं पुन्हा धरलं. या वेळी पूर्ण पडलो नाही. गुडघा टेकला, एक हात जमिनीला लागला, पण चष्म्याचं घर वर राहिलं. गाडीची काच खाली आली. चष्मा माझ्या हातात असल्यामुळे त्या डोळे बारीक करून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, जणू कुठे काही सापडतं का ते शोधत होत्या.

"चौतीस," त्या म्हणाल्या, आणि गाडी निघाली. चष्म्याचं घर माझ्याच हातात राहिलं.